महोत्सव संपल्यानंतरची बैठक

महाराष्ट्र शासनाच्या पर्यटन विभागाने २ ते ४ मे २०२५ या तीन दिवसांत महाबळेश्वर येथे ‘महापर्यटन उत्सव’ भरविला. सांस्कृतिक कार्यक्रम, साहसी खेळ, बचत गटांची आणि खाद्यपदार्थांची दालने असा त्याचा थाट होता. मंत्री आले, कलावंत आले. पर्यटक तर त्या दिवसांत तेथे येतातच. उत्सव आटोपल्यावर दोनच दिवसांनी, ६ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्याव्यात, असा आदेश दिला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवून पाहिल्यास एक विसंगती लक्षात येते. राज्य शासनाचा हा मोठा उत्सव ज्या गावात झाला, त्या गावात त्या दिवशी लोकनियुक्त नगराध्यक्ष नव्हता आणि एकही नगरसेवक नव्हता. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदेची मुदत संपून तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता.

त्यामुळे उत्सवाआधी गावाचे मत विचारण्यासाठी सभागृह नव्हते, तसे उत्सवानंतर गावाला काय मिळाले, हे विचारण्यासाठीही नव्हते. पहिल्या उणिवेची चर्चा निदान कधीमधी होते. दुसरीकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही.

आपल्या शासकीय मराठीत ‘आढावा’ या शब्दाची मोठी गंमत झाली आहे. आढावा म्हणजे झालेल्या कामाचा मागे वळून घेतलेला हिशेब, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु वृत्तपत्रांकडे येणारी सरकारी प्रसिद्धिपत्रके पाहिली, तर आढावा बैठक बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या आधी होते. ‘पालकमंत्र्यांनी घेतला तयारीचा आढावा’ हा मथळा आम्ही सर्वांनीच अनेकदा छापला आहे. ‘उत्सवानंतर नगरपरिषदेने घेतला आढावा’ असा मथळा छापण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पूर्वतयारीची बैठक ही बातमी असते आणि संपलेल्या कार्यक्रमाची बैठक ही बातमी नसते, यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे.

महाबळेश्वर हे नाव मोठे असले तरी गाव लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे तेरा हजार, तर शेजारच्या पाचगणीची सुमारे पंधरा हजार. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची चिंता सुरू होते, कारण पडलेले पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते. वेण्णा तलावातील साठ्यावर दोन्ही गावांची भिस्त आहे. पुण्या-मुंबईहून येणारी वाहने प्रामुख्याने वाई, पसरणी घाट आणि पाचगणी या एकाच वाटेने वर येतात. म्हणजे कार्यक्रम महाबळेश्वरला असला तरी वाहनांची रांग आधी पाचगणीच्या बाजारपेठेत लागते. केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी या संपूर्ण परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केले. त्यामागची कल्पना अशी की, या पठाराला पेलवेल एवढाच भार त्यावर टाकावा. बांधकाम असो, वृक्षतोड असो की पर्यटन, प्रत्येक गोष्ट त्या मर्यादेत बसवावी. त्यानुसार बंगल्याचा एक मजला वाढवायचा असला तरी कागदपत्रांची चळत लागते. तीन दिवसांची गर्दी ही मात्र तात्पुरती बाब समजली जाते आणि तात्पुरत्या बाबींची नोंद सहसा कोठे राहत नाही.

मे महिनाच का, हा त्यातला पहिला प्रश्न. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्या आणि खालच्या मुलखातील उन्हाळा यांमुळे मेच्या पहिल्या आठवड्यात महाबळेश्वर भरलेलेच असते. ज्या दिवसांत खोली मिळणे कठीण, त्या दिवसांत पर्यटक आकर्षित करण्यासाठी उत्सव भरवायचा, याचे अर्थशास्त्र उलगडून सांगावे लागेल. शासनाच्या बाजूनेही मुद्दे आहेत. गर्दी असते म्हणूनच प्रेक्षक मिळतात. चांगले हवामान असते, म्हणून उघड्या मैदानावर कार्यक्रम करता येतात. शिवाय अशा उत्सवाचा हेतू त्या तीन दिवसांपुरता नसून राज्याच्या पर्यटनाची जाहिरात करण्याचाही असतो. बचत गटातील महिलेला आपल्या गावच्या पापडा-लोणच्यासाठी एवढे गिऱ्हाईक एरवी कोठे मिळणार? हे मुद्दे चुकीचे नाहीत. परंतु ते खरे ठरले की नाही, हे उत्सव झाल्यावरच पाहता येते आणि तसे पाहण्याची व्यवस्थाच नसेल, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच मुद्दे, त्याच शब्दांत मांडले जातात.

गावातील प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. मोठ्या हॉटेलमालकाच्या खोल्या मेमध्ये भरलेल्याच असतात. उत्सवाने त्याच्या उत्पन्नात फारशी भर पडत नाही, मात्र रस्ता तुंबला आणि पाहुणे ताटकळले की तक्रार त्याच्याकडे येते. टॅक्सीचालकाचा दिवस फेऱ्यांवर अवलंबून असतो. एका ‘पॉइंट’कडे जाऊन येण्यास दुप्पट वेळ लागला, तर प्रवासी कितीही असोत, त्याची कमाई घटते. वेण्णा तलावाकाठच्या घोडेवाल्याला आणि मक्याचे कणीस भाजणाऱ्याला गर्दी हवीच असते, परंतु बंदोबस्तासाठी त्यांची नेहमीची जागा उठवली गेली, तर तीच गर्दी त्यांच्यासमोरून निघून जाते. स्ट्रॉबेरी उत्पादक शेतकऱ्याची तर गोष्टच निराळी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि गावाची अर्धी जाहिरात हे फळच करते. पण त्याचा मुख्य हंगाम हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंतचा. मे उजाडतो तेव्हा वाफे रिकामे होत आलेले असतात. मेमधील उत्सवाच्या फलकावर स्ट्रॉबेरीचे चित्र असले, तरी शेतकऱ्याच्या पदरात त्यातून किती पडले, हे वेगळे मोजावे लागेल. घरकाम करणाऱ्या, नळाला दिवसाआड पाणी आले तर भांडी घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला या हिशेबात कोणी धरतही नाही.

आखणी कशी होते ते पाहू. शासकीय उत्सव असेल तर तारीख आणि स्वरूप मंत्रालयात ठरते. मग जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक होते. तिला पोलीस, महसूल, वन, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य, वीज आणि परिवहन या खात्यांचे अधिकारी बसतात. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असतात. मैदान कोणते, वाहनतळ कोठे, मंडप कोणी घालायचा, पाहुण्यांची सोय कशी, रुग्णवाहिका किती, याची वाटणी होते. या बैठका निरुपयोगी असतात असे मुळीच नाही. एका डोंगराळ तालुक्यात एवढी माणसे एकत्र आणून कार्यक्रम सुरळीत पार पाडणे हे जिकिरीचे काम असते आणि आपली जिल्हा प्रशासने ते बहुतांशी नीट करतात. स्थानिक संघटनांना, म्हणजे हॉटेल व्यावसायिक, व्यापारी, टॅक्सी संघटना यांना, कधी बोलावले जाते, कधी नाही. बोलावले तरी त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न ‘तुम्ही काय सहकार्य कराल’ हा असतो. ‘हे करावे का’ हा प्रश्न त्याआधीच निकालात निघालेला असतो.

या आखणीतील एक बाब शहरी वाचकांच्या परिचयाची असेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. राज्य शासनाला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देता येते आणि जिल्ह्याजिल्ह्यांत हे दिवस ठरवून जाहीर केले जातात. पुण्या-मुंबईत या १५ दिवसांवरून गणेशोत्सवापूर्वी केवढी खेचाखेची होते, हे आपण दरवर्षी पाहतो. पर्यटन गावासाठी ही यादी एका अर्थाने वर्षभराचे उत्सवी अंदाजपत्रकच आहे. गणपती, नवरात्र, वर्षअखेर आणि शासनाचा महोत्सव यांत ते १५ दिवस वाटायचे असतात. गावाने बसून आपल्यासाठी कोणती रात्र महत्त्वाची ते ठरवावे, असा हा विषय आहे. पण ही यादी संपूर्ण जिल्ह्यासाठी एकत्रित निघते. डोंगरावरच्या थंड हवेच्या गावाची गरज आणि मैदानी शहराची गरज तिच्यात वेगळी दिसत नाही.

अशा वेळी जुन्या यात्रा-जत्रांची आठवण होते. ‘पूर्वी सारे चांगले होते’ असे म्हणण्याचा हेतू नाही. पण एक रीत त्यांच्यात होती आणि पुष्कळ गावांत अद्याप आहे. यात्रेपूर्वी देवळात बैठक बसते, वर्गणी ठरते, मानकऱ्यांची आणि तरुणांची कामे वाटली जातात. यात्रा संपल्यावर पुन्हा बैठक बसते आणि जमाखर्च वाचून दाखविला जातो. कोणी किती दिले, तमाशाला किती गेले, कुस्त्यांच्या इनामाला किती, शिल्लक काय आणि ती कोणाकडे, हे सर्वांसमक्ष सांगितले जाते. त्या बैठकीत भांडणेही होतात. विजेचा ठेका अमक्यालाच का दिला, पाण्याचा टँकर उशिरा का आला, यावर आवाज चढतात. पण त्या भांडणातूनच पुढच्या वर्षीचा टँकर वेळेवर येतो. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांनाही वर्गणी गोळा करण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो. किती मंडळे तो मनापासून देतात हा वेगळा विषय, परंतु अपेक्षा तरी लेखी आहे. गल्लीतल्या मंडळाने हिशेब द्यायचा आणि करदात्यांच्या पैशांतून झालेल्या महोत्सवाचा हिशेब ज्या गावात तो झाला, त्या गावापुढे कोणी वाचून दाखवायचा नाही, ही उलटी रीत आहे. लेखापरीक्षण होत असते, पण ते खात्याच्या पातळीवर, पुष्कळ उशिराने आणि केवळ पैशांपुरते होते. टँकरचे भांडण त्यात कोठे येणार?

याच पसरणी घाटाच्या पायथ्याशी वाई आहे. तेथील कृष्णाबाईचा उत्सव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. कृष्णेच्या घाटांवर हा उत्सव एकाच दिवशी, एकाच ठिकाणी होत नाही. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी अशा सात घाटांवर तो पाळीपाळीने, वेगवेगळ्या दिवसांत होतो. प्रत्येक घाटाची माणसे वेगळी, व्यवस्था वेगळी. गर्दीचा भार सात ठिकाणी आणि अनेक दिवसांत विभागला जातो आणि एका आळीत काही चुकले, तर ते पुढच्या आळीच्या डोळ्यांसमोर असते. कोणा नियोजनकाराने आखलेला हा आराखडा नाही. श्रद्धेतून आणि आळीच्या अभिमानातून तो घडत गेला. तरीही गर्दी कशी विभागावी, याचा पाठ घेण्यासाठी महाबळेश्वरला परदेशी सल्लागार बोलावण्याची आवश्यकता नाही. घाट उतरला की तो समोर दिसतो.

याच वाई तालुक्यात दुसरे टोकही आहे आणि ते विसरता येणार नाही. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवी येथील काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दोन्ही बाजूंची दुकाने, त्यांना लागलेली आग यांत सुमारे ३०० भाविकांचा बळी गेला. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. यात्रेची वाट, दुकानांची मांडणी, वीजजोडण्या, पोलीस बंदोबस्त, देवस्थानची जबाबदारी या प्रत्येक गोष्टीची चिकित्सा झाली. पायऱ्यांवर नारळ फोडण्यास आणि पशुहत्येला बंदी आली. आता दरवर्षी यात्रेपूर्वी प्रशासन आणि देवस्थान यांच्या बैठका होतात आणि त्या बैठकांना २००५ चा आधार असतो. एखाद्या कार्यक्रमाचे मागे वळून केलेले परीक्षण किती उपयोगी पडते, याचे हे सातारा जिल्ह्यातीलच उदाहरण. वेदना एवढीच की, ते परीक्षण व्हायला एवढे जीव जावे लागले. त्याआधीही यात्रा दरवर्षी भरत होती, पायऱ्या दरवर्षी निसरड्या होत होत्या आणि दुकाने वाटेतच लागत होती. २००४ ची यात्रा संपल्यावर या पायऱ्यांविषयी कोणी बैठक घेतली असती तर, हा प्रश्न त्या दुर्घटनेच्या संदर्भात आजही टोचतो.

लहान नगरपरिषदांना असे मोजमाप जमणार नाही, त्यांच्याकडे माणसे नसतात, असा एक आक्षेप हमखास घेतला जातो. त्याला पाचगणीने परस्पर उत्तर दिले आहे. २०२२ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत पाचगणी देशात पहिली आली. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सर्वेक्षणात सातत्याने चांगली कामगिरी करणाऱ्या शहरांचा स्वतंत्र गट करण्यात आला, त्यातही वीस हजारांहून कमी वस्तीच्या शहरांत पाचगणीचे नाव होते. हे घडले ते बाहेरून कोणीतरी येऊन तपासते, गुण देते आणि गेल्या वर्षीचे गुण यंदाच्या गुणांशेजारी मांडते म्हणून. ओला कचरा किती, सुका किती, वर्गीकरण किती घरांत होते, याची आकडेवारी पंधरा हजार वस्तीचे गाव ठेवू शकते. मग तीन दिवसांच्या उत्सवात तो कचरा किती वाढला, ही एक ओळ त्याच वहीत भरणे अवघड का असावे? सर्वेक्षणाच्या प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न असेल, तर ती ओळ नक्की भरली जाईल. आपल्याकडे प्रश्नपत्रिकेत जे असते त्याचाच अभ्यास होतो, ही विद्यार्थिदशेतील सवय नगरपरिषदांनाही लागली आहे.

साताऱ्याजवळचे कास पठार हे आणखी एक उदाहरण. तेथील फुलांचा हंगाम म्हणजे कोणी न भरवलेला महोत्सवच. जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटातील स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासही होते आणि नंतर तेथे माणसांचा पूर लोटला. मग वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी शुल्क ठेवले, दिवसाला किती जणांना सोडायचे त्याची संख्या ठरवली, आगाऊ नोंदणी सुरू केली. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून कुंपणही घातले. पुढे असे लक्षात आले की, कुंपणामुळे गुरांचे चरणे थांबले आणि उंच गवत माजून लहान फुलझाडांना त्रास होऊ लागला. तेव्हा कुंपण काढण्याचा निर्णय झाला. कासची व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. शनिवार-रविवारी तेथे जाऊन आलेल्या कोणालाही ते सांगावे लागणार नाही. पण स्वतःच घातलेले कुंपण स्वतःच काढणे, हे आपल्या सार्वजनिक व्यवहारात फार कमी वेळा घडते. हंगामानंतर कोणीतरी पठाराकडे पाहिले आणि त्यावर बोलले, म्हणूनच ते घडू शकले.

गोव्यात गावाचे म्हणणे निराळ्या मार्गाने, बरेचदा संघर्षातून, पुढे येते. ‘सनबर्न’ हा संगीत महोत्सव २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला. २०१६ मध्ये तो पुण्याकडे वळला, पुन्हा गोव्यात परतला, २०२४ मध्ये पेडणे तालुक्यातील धारगळ येथे झाला आणि २०२५ मध्ये मुंबईला गेला. मधल्या काळात दक्षिण गोव्यात तो नेण्याची चर्चा निघताच तेथील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले आणि धारगळचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. गोव्यातील ग्रामसभांचा आवाज महाराष्ट्रातील कोणत्याही पर्यटन गावापेक्षा मोठा आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु तेथेही चर्चा मुख्यतः ‘हवा की नको’ या टोकांवर अडते. महोत्सव झाला, आता त्या रात्री रस्ता कोठे तुंबला, स्थानिक दुकानदाराला काय मिळाले, आवाजाची पातळी प्रत्यक्षात किती होती, या माहितीवर पुढचा निर्णय घ्यावा, ही पद्धत तेथेही रुळलेली नाही.

महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले, तेव्हा वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाचे नाव आपल्याकडे पुष्कळांना प्रथम कळले. दोन हजारांहून कमी वस्तीच्या त्या गावात १९८८ पासून साहित्य महोत्सव भरतो. तो वाढत गेला आणि गावात मावेनासा झाला. तेव्हा २००५ च्या सुमारास तो गावाबाहेरच्या कुरणात नेण्यात आला. महोत्सवाचे नाव गावाचे राहिले, मंडप गावाच्या वेशीबाहेर गेले. भिलारमध्ये उलट प्रकारचा, आणि आम्हांला अधिक आवडलेला, प्रयोग झाला. एकच मोठा सोहळा न करता सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, त्यातही बरीचशी गावकऱ्यांची राहती घरे, पुस्तके ठेवली गेली. येणारा माणूस वर्षभरात केव्हाही येतो आणि गावभर फिरतो. यजमान कोण, याविषयी भिलारमध्ये संदिग्धता नाही. ज्याच्या पडवीत पुस्तकांचे कपाट आहे, त्याला कोण येऊन गेले, कोणते पुस्तक वाचले गेले आणि कोणते धूळ खात पडले, हे कोणत्याही अहवालाशिवाय ठाऊक असते.

डिसेंबर २०२५ मध्ये अखेर नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांना पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक मिळाले. म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा आता उपलब्ध आहे. मुंबईहून ठरलेला महोत्सव नगरपरिषद रोखू शकेल, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. ते तिच्या हाती नाही आणि प्रत्येक महोत्सव रोखावा असे येथे कोणाला वाटतही नाही, कारण या गावाचे पोट पर्यटनावर आहे. तारखेविषयी मात्र सभागृहाला ठरावाने मत देता येते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बाजारपेठ मंदावते. सप्टेंबरअखेर ती पुन्हा हलू लागते आणि दिवाळीपर्यंतचा काळ मधल्या दिवसांत बराच रिकामा जातो. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी भरात असते आणि आठवड्याच्या मधले दिवस मोकळे असतात. टॅक्सीचालक, शेतकरी, लहान लॉजचालक यांना यांपैकी कोणता काळ सोयीचा, हे विचारण्यासाठी समिती नेमण्याची गरज नाही, एक विशेष सभा पुरेल. पाचगणीच्या नगरसेवकांनाही त्या सभेला बोलवावे, कारण वाहतुकीचा पहिला फटका त्यांना बसतो.

आणि मागील उत्सवाचा हिशेब? तो मांडण्यासाठी लागणारी बरीचशी सामग्री आधीच उपलब्ध असते. गावात येणाऱ्या पर्यटकांकडून नगरपरिषद नाक्यावर कर घेते, त्याच्या पावत्यांवरून रोज किती वाहने आली ते कळते. तलावातून रोज किती पाणी उचलले गेले, याची नोंद पाणीपुरवठा कार्यालयात असते. कचरा डेपोवर आलेल्या घंटागाड्यांच्या खेपा लिहिलेल्या असतात. सफाई कर्मचाऱ्यांनी किती जादा तास काम केले, ते हजेरीपत्रकावरून काढता येते. एप्रिल २०२५ चा शेवटचा आठवडा, २ ते ४ मे हे तीन दिवस आणि त्यानंतरचा आठवडा, असे तीन रकाने आखून हे आकडे एका कागदावर उतरवणे हे नगरपरिषदेतील एका कारकुनाचे दोन दिवसांचे काम आहे.